एका वर्षाचा ताळेबंद

जून उजाडला की मालवणच्या किनाऱ्यावरील होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पर्यटकांना नेणारी होडी वाहतूक थांबते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. एप्रिल-मे महिन्यांत ज्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते, तिथे दुपारच्या वेळी दुकानदार पावसाकडे पाहत बसलेला दिसतो. समुद्राला आणि व्यापाराला मिळालेली ही विश्रांती बारावी झालेले मूल ज्या घरात आहे, त्या घराच्या वाट्याला मात्र येत नाही. परीक्षांचे निकाल, सामाईक प्रवेश परीक्षांचे गुण, प्रवेशाचे अर्ज आणि महाविद्यालयांचा प्राधान्यक्रम हे सारे याच पावसाळी दिवसांत एकमेकांत गुंतलेले असते.

अशा एका घराची कल्पना करावी. मालवणच्या बाजारपेठेत कापडाचे जुने दुकान, मागे राहते घर. थोरली मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झालेली. तिला वकील व्हायचे आहे. डिसेंबरात तिने राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची ‘क्लॅट’ परीक्षा दिली, पण क्रमांक फार मागे राहिला. उन्हाळ्यात राज्याची विधी सीईटी दिली, तिच्यात बऱ्यापैकी गुण मिळाले. प्रवेशाचा अर्ज भरायला घेताना ती हळूच म्हणते, “पप्पा, मला क्लॅट पुन्हा द्यायची आहे.”

वडील वहीतून मान वर करतात. “म्हणजे एक वर्ष फुकट?”

आजी म्हणते, “कुडाळला मिळतंय ना? घरून जाऊन-येऊन होईल.”

काकांचा प्रश्न वेगळाच असतो. “वकील होऊन आपल्या धंद्याला काय उपयोग? जीएसटीचं बघायला सीए लागतो.”

घर कल्पनेतले असले तरी हे संवाद अनेक व्यापारी घरांत ओळखीचे वाटतील. त्यांत तीन निरनिराळे प्रश्न एका वाक्यात कोंबलेले आहेत. परीक्षा पुन्हा द्यावी का, आज मिळणारी जागा घ्यावी का आणि एका वर्षाची किंमत किती? कोणताही जाणता व्यापारी तीन खाती एकाच पानावर लिहीत नाही. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र नेमके तेच होते, आणि मग निर्णय हिशेबाने न होता आवाजाच्या चढ-उताराने होतो.

दोन परीक्षा, दोन दरवाजे

बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाकडे नेणारे महाराष्ट्रातील मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेचा. मुंबईचे १८५५ साली स्थापन झालेले शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे १९२४ चे आयएलएस, कोल्हापूरचे १९३३ चे शहाजी विधी महाविद्यालय अशी नामवंत महाविद्यालये या मार्गावर आहेत. ही परीक्षा इंग्रजीबरोबर मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. मात्र परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा अनेक पालकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते, कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात आणि प्राधान्यक्रम भरावा लागतो. उत्तम गुण असूनही या टप्प्यावर बेसावध राहिलेला विद्यार्थी मागे पडतो.

दुसरा मार्ग क्लॅटचा. २००८ साली ही परीक्षा सुरू झाली. आज देशातील वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठे तिच्या गुणांवर प्रवेश देतात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत आणि तिथे राज्याच्या अधिवासी विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात. दोन तासांत १२० प्रश्न, सारे उताऱ्यांवर आधारलेले, सारे इंग्रजीत. बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीच्या उत्तराला पाव गुणाची वजावट.

या दोहोंखेरीज काही खासगी विद्यापीठांच्या स्वतंत्र परीक्षा असतात. पुण्यातील सिम्बायोसिसची ‘स्लॅट’ परीक्षा एकाच हंगामात दोनदा देता येते आणि दोहोंतील चांगले गुण धरले जातात. म्हणजे पुन्हा परीक्षा देणे हे काही लपवण्याजोगे अपयश नव्हे. काही संस्थांनी तर ते आपल्या नियमांतच बसवले आहे.

क्लॅट वर्षातून एकदाच होते. एकदाच असा अपवाद घडला की एका कॅलेंडर वर्षात ती दोनदा झाली: १९ जून २०२२ रोजी आणि पुन्हा १८ डिसेंबर २०२२ रोजी. परीक्षा उन्हाळ्यातून हिवाळ्यात नेली गेली, त्यामुळे जूनमध्ये हुकलेल्यांना सहा महिन्यांतच दुसरी संधी मिळाली. तेव्हापासून परीक्षा डिसेंबरात होते. बसण्याला वयाची कमाल मर्यादा नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही. सर्वसाधारण प्रवर्गासाठी बारावीला ४५ टक्के गुणांची अट तेवढी असते.

यश आले तर वर्ष जाते, अपयश आले तर वाचते

पुन्हा परीक्षा देण्याचे मार्ग तीन आहेत आणि तिन्हींची किंमत निरनिराळी आहे.

पहिला मार्ग पूर्ण वर्ष थांबण्याचा. कुठेही प्रवेश न घेता डिसेंबरपर्यंत केवळ तयारी करायची. यात वेळ भरपूर मिळतो. परंतु यश येवो वा न येवो, वर्ष दोन्ही बाबतींत जाते. शिवाय पुढील प्रवेशाच्या वेळी शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ती एक किरकोळ औपचारिकता आहे, तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग आज मिळणारी जागा घेऊन शिकता शिकता परीक्षा पुन्हा देण्याचा. येथे एक नियम प्रत्येक कुटुंबाने आधी समजून घेतला पाहिजे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार या अभ्यासक्रमात मधल्या वर्षात नव्याने प्रवेश देता येत नाही. कुडाळ वा कोल्हापूर येथे पहिले वर्ष पूर्ण केलेल्या मुलीला पुढील वर्षी राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली, तर तिला तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. म्हणजे या मार्गावर वर्ष जाते ते केवळ यश आले तर, आणि ते मनाजोगत्या जागेच्या मोबदल्यात जाते. अपयश आले तर ती सरळ दुसऱ्या वर्षात जाते आणि काहीही गमावत नाही.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर या मार्गावर तोटा झाकलेला आहे. पण त्याचा हप्ता वेळेच्या रूपाने भरावा लागतो. त्याच नियमांप्रमाणे वर्गात ७० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. पहिल्या सत्राची परीक्षा आणि क्लॅट एकमेकींच्या अगदी जवळ येऊ शकतात. ज्या मुलीची तयारी थोडक्यात कमी पडली, तिला हा मार्ग झेपतो. जिला पायापासून बांधायचे आहे, तिची दोन्हीकडे ओढाताण होते.

तिसरा मार्ग सर्वांत कमी चर्चिला जातो. मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयासारख्या जवळच्या संस्थेतून पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी द्यायची. एकूण सहा वर्षे लागतात, म्हणजे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमापेक्षा एकच अधिक. वर्षभर थांबून पाच वर्षांचा अभ्यासक्रम केला तरी वर्षे सहाच होतात. वाणिज्य पदवीचा पाया असलेला वकील कर, भागीदारी, कंपनी कायदा अशा विषयांत व्यापारी पेढ्यांना जवळचा वाटतो. काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या मार्गात आहे.

ताळेबंदात आणखी एक नोंद हवी, आणि तिला रुपयांत मोल नाही. मध्येच प्रवेश देता येत नसल्यामुळे वर्षाअखेरीस सोडलेली जागा पुढील चार वर्षे बहुधा रिकामीच राहते. ती ज्या विद्यार्थ्याला मिळू शकली असती, त्याचे नाव सोडणाऱ्याला कधीच कळत नाही. नियमाने हे वावगे नाही. तरीही जिथे प्रसंग पडल्यास पाच वर्षे मनापासून शिकण्याची तयारी आहे, तेच महाविद्यालय प्राधान्यक्रमात लिहावे. केवळ मुक्कामापुरती धर्मशाळा म्हणून कुणाची जागा अडवू नये. ही कसोटी लावली की यादी आपोआप छोटी आणि प्रामाणिक होते. तिचा दुसरा लाभ असा की, क्लॅट पुन्हा हुकली तरी घरात सुतक पडत नाही.

पहिल्या प्रयत्नाची उलटतपासणी

पुन्हा परीक्षा द्यावी का, याचे उत्तर मुलीच्या जिद्दीत शोधू नये आणि वडिलांच्या काळजीतही शोधू नये. ते पहिल्या उत्तरपत्रिकेत असते. क्लॅटची उत्तरसूची जाहीर होते. तिच्याशी आपली उत्तरे ताडून बरोबर, चूक आणि न सोडवलेले असे तीन गठ्ठे करावेत.

समजा, १२० पैकी ११० प्रश्न सोडवले, ७० बरोबर आले आणि ४० चुकले. मिळकत ७०, वजावट १०, हाती उरले ६०. त्या चाळीस चुकांपैकी वीस निव्वळ अंदाजाने ठोकलेली उत्तरे असतील आणि ती सोडून दिली असती, तर वजावट ५ झाली असती आणि हाती ६५ उरले असते. नवा शब्दही न शिकता पाच गुणांचा फरक. अशा विद्यार्थिनीला थोडा सराव आणि थोडा संयम पुरतो. उलट, वेळ संपल्यामुळे तीस-पस्तीस प्रश्नांना हातच लागला नसेल, तर दुखणे वाचनाच्या वेगात आहे. ते सहा महिन्यांत सुधारते, पण रोज वाचले तरच.

कोकणातील मराठी माध्यमाच्या मुलांचे अडते ते बहुधा इथेच. बुद्धी कमी असते म्हणून नव्हे, तर दाट इंग्रजी उतारा दोन-तीन मिनिटांत वाचून त्यातील मुद्दा उचलण्याची सवय शाळेत लागलेली नसते म्हणून. अशा वेळी प्रश्नसंचांची थप्पी विकत आणणे हा उपाय नव्हे. रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचावा, त्याचा मुद्दा चार ओळींत मराठीत लिहावा आणि मग तोच इंग्रजीत सांगावा. चालू घडामोडींचा अभ्यासही त्यातच होतो.

येथे वीरचंद राघवजी गांधी यांची आठवण होते. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेतील त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. परंतु त्याआधी, १८९१ च्या सुमारास, सम्मेदशिखर तीर्थाजवळील चरबीच्या कारखान्याविरुद्धचे प्रकरण त्यांनी हाती घेतले, तेव्हा त्यातील कागदपत्रे बंगालीत होती. वीरचंदजी कोलकात्यास गेले, सुमारे सहा महिने राहिले, बंगाली शिकले आणि प्रकरण तयार केले. जे आधीच येत होते तेच पुन्हा घोटण्यात त्यांनी ते महिने घालवले नाहीत. जे येत नव्हते आणि ज्यावाचून काम अडत होते, ते शिकून घेतले. दुसऱ्या प्रयत्नाचा खरा अर्थ हाच. काय राहिले होते, हे ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, त्याचा दुसरा प्रयत्न बहुधा पहिल्याचीच नक्कल ठरतो.

पावसाळ्यातील दोन अर्ज

क्लॅटचे अर्ज साधारणतः पावसाळ्यात खुले होतात आणि दिवाळीच्या सुमारास बंद होतात. राज्याच्या प्रवेशफेऱ्याही याच काळात चालतात. त्यामुळे पुन्हा परीक्षा देणाऱ्या घरात दोन अर्ज एकाच वेळी हिंडत असतात, एक या वर्षीच्या प्रवेशाचा आणि दुसरा पुढील वर्षीच्या परीक्षेचा. एकाच्या गडबडीत दुसऱ्याची मुदत टळू नये, म्हणून दोहोंच्या तारखा दुकानातील दिनदर्शिकेवर वेगवेगळ्या रंगांत लिहाव्यात.

कागदपत्रांची जुळवाजुळव निकालाची वाट न पाहता करावी. अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रमाणित प्रती तयार ठेवाव्यात. २७ जानेवारी २०१४ पासून जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत समाजासाठीच्या जागांवर अर्ज करावयाचा असेल, तर दाखल्यावरील धर्माची नोंद आधीच पाहून घ्यावी. ऐन प्रवेशफेरीत ती दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. एका महाविद्यालयात प्रवेश घेऊन तो पुढे रद्द करण्याची शक्यता असेल, तर शुल्क परताव्याचे नियम आणि मूळ कागदपत्रे परत मिळण्याची रीत पहिल्याच दिवशी विचारून ठेवावी.

क्लॅटच्या प्रवेशफेरीतही निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. जागा मिळाल्यावर उमेदवारापुढे तीन पर्याय असतात. ‘फ्रीझ’ म्हणजे हीच जागा पक्की. ‘फ्लोट’ म्हणजे ही जागा हाती ठेवून पुढील फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहणे. ‘एक्झिट’ म्हणजे प्रक्रियेतून बाहेर पडणे. घाईत चुकीचा पर्याय निवडला, तर वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडू शकते.

मालवणच्या व्यापारी घरासाठी या वेळापत्रकात एक सोय आणि एक अडचण आहे. सोय ही की, जून ते ऑगस्ट हा दुकानाचा मंदीचा आणि परीक्षेच्या तयारीचा सर्वांत मोलाचा काळ एकच आहे. या दिवसांत मुलीला गल्ल्यावर बसवायची गरज नसते. अडचण ही की, गणेशचतुर्थीपासून दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकांची रीघ लागते, दिवाळी सरताच पर्यटक येऊ लागतात आणि नेमक्या त्याच वेळी परीक्षा तोंडावर आलेली असते. वहीपूजनापासून परीक्षेपर्यंतचे चार-सहा आठवडे तिला दुकानातून आणि पाहुण्यांच्या सरबराईतून पूर्ण मोकळीक मिळेल का, हे जूनमध्येच ठरवावे. ती मोकळीक देता येणार नसेल, तर दुसऱ्या प्रयत्नाला होकार देणे म्हणजे माल न देता पावती फाडण्यासारखे आहे.

नियम बदलतात, निकालही बदलतात

परीक्षा पुन्हा देणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन प्रयत्नांच्या मध्ये परीक्षाच बदलू शकते. क्लॅटचे प्रश्न २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेले झाले. पुढे प्रश्नांची संख्या १५० वरून १२० वर आली. गतवर्षीच्या माहितीवर विसंबून न राहता दर वर्षीची अधिकृत सूचना मुळातून वाचणे हाच उपाय.

कधी परीक्षेचा गोंधळ न्यायालयापर्यंत जातो. १३ मे २०१८ रोजी झालेल्या संगणकीय क्लॅटमध्ये देशभर अनेक केंद्रांवर तांत्रिक बिघाड झाले आणि विद्यार्थ्यांचा वेळ वाया गेला. परीक्षा पुन्हा घ्यावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने जून २०१८ मध्ये फेरपरीक्षेची मागणी मान्य केली नाही. बिघाडामुळे गमावलेल्या वेळेच्या प्रमाणात भरपाईचे गुण द्यावेत, असा मार्ग न्यायालयाने काढला आणि प्रवेशफेऱ्या थांबवल्या नाहीत. पुढे देशाचे ४९ वे सरन्यायाधीश झालेल्या न्यायमूर्ती लळित यांच्या घराण्याचे मूळ सिंधुदुर्ग जिल्ह्यातीलच, देवगड तालुक्यातील गिर्ये येथले.

१ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परीक्षेतही काही उत्तरांवर वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २० डिसेंबर रोजी दोन उत्तरे चुकीची ठरवली, आणखी याचिका आल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन मे २०२५ मध्ये मिटले. तोवर पाच महिने हजारो विद्यार्थ्यांना आपला खरा क्रमांक ठाऊक नव्हता. ज्यांनी त्या काळात राज्याच्या सीईटीचा अर्ज भरून तयारी चालू ठेवली होती, त्यांच्या पायाखाली जमीन होती. दुसरा प्रयत्न करताना दुसरा दरवाजा उघडा का ठेवावा, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

परदेशांतील रीतीही पाहण्यासारख्या आहेत. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांसाठीची ‘एलसॅट’ परीक्षा आयुष्यात सात वेळा देता येते, तर ब्रिटनमधील काही विद्यापीठांची ‘एलनॅट’ परीक्षा एका प्रवेशवर्षात एकदाच. अमेरिकेत अर्ज आधी पाठवून नंतर परीक्षा पुन्हा देणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पण तिथे बहुतेक महाविद्यालये अर्ज येतील तसतसे निर्णय देत जातात, त्यामुळे उशिरा दिलेल्या परीक्षेसाठी अर्ज खोळंबला तर जागा भरत जातात. संधी सात असोत वा एक, प्रवेशाचे घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

घाटापलीकडचे न्यायालय

उरला काकांचा प्रश्न: व्यापारी घराला वकिलाचा काय उपयोग? ओरोस येथील जिल्हा न्यायालयाच्या पुढे अपील करावयाचे, तर आजवर सुमारे पाचशे किलोमीटर दूरच्या मुंबईला जावे लागे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्या कक्षेत आले. मालवणहून सकाळी निघून घाट चढला की उच्च न्यायालय गाठता येते. या भागातून उच्च न्यायालयात वकिली करायची तर मुंबईत घर हवे, ही जुनी अडचण त्यामुळे सैल झाली आहे. कुडाळला वा कोल्हापूरला शिकलेल्या मुलीपुढे आज जे क्षेत्र आहे, ते तिच्या वडिलांच्या पिढीतील वकिलांपुढे नव्हते. म्हणून ‘राष्ट्रीय विद्यापीठ नाही तर काहीच नाही’ हा हट्ट जसा खरा नाही, तसेच ‘वकील होऊन काय करणार’ ही शंकाही आता जुनी झाली आहे.

त्या घराकडे शेवटी परत यावे. पाऊस कौलांवर वाजत आहे. वडिलांनी कोरी वही पुढे ओढून तीन ओळींसाठी जागा सोडली आहे. पहिली ओळ मुलीने लिहायची: मागच्या वेळी नेमके काय राहिले? ती बराच वेळ विचार करून लिहिते, “वाचनाचा वेग, आणि अंदाजाने दिलेली उत्तरे.” दुसरी ओळ दोघांनी मिळून: कोणत्या महाविद्यालयात पाच वर्षे आनंदाने शिकता येईल? यादीत कोल्हापूर आणि कुडाळ उरतात. निव्वळ नावासाठी घातलेली दोन नावे ती स्वतःच खोडते. तिसरी ओळ वडिलांची: घर काय देणार आणि किती काळ? ते लिहितात, “दिवाळीपासून परीक्षेपर्यंत दुकानाला सुट्टी. हा एक प्रयत्न. त्यानंतर जिथे असेल तिथे पूर्ण मन.”

आजी विचारते, “मग कुडाळचं काय ठरलं?”

“अर्ज आज भरतो, आई,” वडील म्हणतात. “परीक्षेचा अर्ज खुला झाला की तोही भरू.”

वही मिटली जाते. डिसेंबरात क्रमांक कितवा येईल, हे त्या तीन ओळींना ठाऊक नाही. पण त्यांतील पहिली ओळ मुलीने स्वतः, कुणावर दोष न ढकलता लिहिली आहे. जिला आपली चूक अशी लिहिता आली, तिचे वर्ष कोणत्याही महाविद्यालयात गेले तरी खर्ची पडणार नाही.